पायडल थांबवायचे नाही

ज्याने पन्हाळ्याचा आणि जोतिबाचा चढ वर्षानुवर्षे सायकलीवर चढला आहे, त्याला एकचाकी सायकल चटकन येईल, असा आपला समज असतो. रंकाळ्याच्या कठड्याचा आधार घेत चार हात पुढे जाणारा आणि पुन्हा उतरावे लागणारा हा सायकलपटू मात्र वेगळेच काही दाखवतो आहे. सकाळी फिरायला आलेल्यांपैकी कोणीतरी विचारतेच, “काय भावा, पुढचं चाक घरी इसरून आलास व्हय?”

या सायकलीला हँडल नाही, चेन नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागच्या चाकात असते ती ‘फ्री’, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारी रचना, नाही. क्रँक, म्हणजे पायडल बसवलेले दांडे, थेट चाकाच्या आसाला जोडलेले असल्यामुळे चाक फिरते तोवर पाय फिरतात आणि पाय थांबले की चाकही थांबते. तोल जातोय असे वाटताच पाय थांबवून सावरून घ्यायचे, ही अनुभवी सायकलस्वाराच्या अंगात मुरलेली सवय असते. येथे तसे केल्यास चाक जागीच अडते आणि शरीर पुढे निघून जाते. सुदैवाने नवशिका बहुधा पायांवरच उतरतो, तरीही हेल्मेट आणि मनगटाचे पॅड हवेतच, आणि बुटांच्या नाड्या आत खोचलेल्या असाव्यात, कारण त्या क्रँकला गुंडाळल्या जातात.

सुरुवात कशी होते, ते नीट पाहण्यासारखे आहे. चाकाची मागची बाजू फुटपाथच्या कडेला टेकवली आहे आणि आपल्याकडचे पायडल किंचित खाली ठेवले आहे. त्यावर भार पडला की चाक मागे सरकू पाहते, परंतु कडा त्याला अडवते, आणि तेवढ्या क्षणात स्वाराला सीटवर बसता येते. यापुढे शरीराचा भार सीटवरच राहिला पाहिजे. चढावर पायडलवर उभे राहण्याची सवय असलेल्याला हे जड जाते, कारण क्रँक सरळ वर-खाली आलेले असताना पायडल कितीही दाबले तरी चाक फिरत नाही आणि तेथेच तोल जातो.

दोन चाकांच्या सायकलीवर तोल प्रामुख्याने डावी-उजवीकडे सांभाळायचा असतो. येथे पुढे-मागेही सांभाळावा लागतो आणि त्याचे साधन एकच, ते म्हणजे पायांचा वेग. शरीर पुढे झुकले की चाक झपाट्याने त्याच्याखाली आणायचे, मागे झुकले की पाय आवरते घ्यायचे. बाजूला कलल्यावर कंबर वळवून चाक त्या दिशेला न्यायचे. नजर चाकावर नव्हे, समोर दूरवर असावी लागते. रस्त्यावर सायकल चालवून लागलेली ही सवय येथे जशीच्या तशी उपयोगी पडते.

दमाचा उपयोग मात्र फारसा नाही, कारण कितीही पाय मारले तरी अंतर थोडेच कापले जाते. नवशिक्यांच्या २० इंची चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात जेमतेम दीड मीटर अंतर कापले जाते. गिअरच्या सायकलीवर मधल्या गिअरमध्येही तेवढ्याच फेऱ्यात चार मीटरहून अधिक.

पुढे लांबच्या रस्त्यासाठी २९ आणि ३६ इंची चाके असतात, त्यांना ब्रेकही बसवता येतो. १९८२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग महासंघाच्या स्पर्धांत तर डोंगरउताराच्या शर्यतीही होतात. या सायकलपटूच्या मनात पन्हाळा आहेच. परंतु एकचाकीवर चढून गेल्यावर खाली येताना विसावा नाही, कारण उतारभर पाय चाकाबरोबर फिरतच राहणार आहेत.