एक हात मोगरा

पहाटेचे चार वाजलेत आणि मदुरैच्या माट्टुतावणी फुलबाजारात पाय ठेवायला जागा नाहीये. मे महिना, दुपारी पारा ४० च्या आसपास जातो, आत्ताच शर्ट पाठीला चिकटलाय. पण इथे आधी वास येतो आणि मग गर्दी दिसते. या गोण्या बघा, जमिनीवर ओतल्या की ढीग पांढरा दिसत नाही, हिरवट दिसतो, कारण हे अजून फूल नाहीच, कळी आहे.

ही मदुरै मल्ली. म्हणजे आपला मोगराच, पण पाकळी जाड आणि देठ लांब, म्हणून बांधायला सोपा आणि जास्त वेळ टिकतो. २०१३ साली हिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. कळी उजाडायच्या आत खुडतात कारण ती संध्याकाळी उमलणार, म्हणजे दिंडुक्कल, विरुधुनगरकडची शेतं असोत की जवळची, तोडणं, टेम्पोत भरणं, भाव ठरणं, बांधणं, विकणं, सगळं मधल्या त्या बारा-चौदा तासांत उरकायचं.

(थोडा वेळ फक्त बाजाराचा आवाज)

मीनाक्षी मंदिराच्या आत कॅमेरा नेता येत नाही म्हणून आपण बाहेरच फिरतोय. देवळाभोवती चौकोनात चौकोन असे रस्ते आहेत आणि त्यांना तमिळ महिन्यांची नावं, चित्तिरै, आवणि, मासि, म्हणजे आपले चैत्र, श्रावण, माघ. रिक्षा, हॉर्न, स्टीलच्या भांड्यांची दुकानं, जिगरथंडा या इथल्या थंड दुधाच्या पेयाचे ग्लास, आणि या सगळ्यावर दक्षिणेचं गोपुर, जवळजवळ ५२ मीटर. मान दुखते बघून.

आता इथे जरा थांबू. या अक्का. गोपुराच्या सावलीत बसल्यात, सावली सरकते तशा त्याही सरकतात. हातात केळीचं सोपट, पाण्यात भिजवलेलं, नाहीतर ते तुटतं. बोटं बघा फक्त. दोन कळ्या या बाजूला, दोन त्या बाजूला, देठ मधे समोरासमोर, सोपटाचा एक फेरा, एक पीळ, अंगठ्याने ओढ, झालं. सुई नाही. मी हे स्लो करून तीन वेळा पाहिलं तरी गाठ कुठे बसली ते मला कळलं नाही, आणि त्या बोलता बोलता, हाताकडे न बघता बांधतायत! गाठ सैल पडली तर कळी गळते, जास्त आवळली तर देठ चिरतो. माझी आजी कोकणात अशीच अबोली बांधायची, म्हणून मी इथे अडकले असेन.

हा माळेचा दुसरा प्रकार, कदंबम. मोगऱ्यासोबत अबोली आणि हिरवा दवणा, ओळखीची मंडळी सगळी.

आणि हे माप. पट्टी नाही, वजन नाही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मुळम. हात विकणाऱ्याचा.

उन्हाळ्यात कळ्या चिक्कार येतात म्हणून भाव पडतो, उरलेला माल अत्तरवाल्यांकडे जातो, थंडीत दव पडलं की कळ्या कमी आणि भाव गगनाला. अक्कांना मात्र बांधायची मजुरी तेवढीच, भाव चढला म्हणून ती चढत नाही.

संध्याकाळचे सहा. ऊन उतरलंय पण दगड अजून तापलेले आहेत, अनवाणी उभं राहवत नाही. टोपलीतल्या कळ्यांची तोंडं सुटायला लागलीत. ऑफिसातून सुटलेल्या दोघीजणी थांबल्या, एक मुळम मागितला. अक्कांनी माळ कोपराला लावली, बोटापर्यंत आणली, आणि तिथे तोडली नाही, वर अजून चार बोटं सोडली.

(निवेदन नाही. वेणीत माळलेला मोगरा, गर्दीत लांब जाताना.)