ओलीची कड

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा नव्या घरातला हा पहिलाच पावसाळा. म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो: भिंतीवर ओल दिसली की आधी रंगाऱ्याला फोन करू नका. आधी पेन्सिल घ्या.

माझ्याच घरचं सांगतो. बाणेरला फ्लॅट घेतला आणि पहिल्याच जुलैत मुलीच्या खोलीत, कपाटामागे, स्कर्टिंगच्या वर हातभर ओल आली. बिल्डरच्या माणसांनी पोपडे खरवडले, पुट्टी भरली, रंग दिला. पुढच्या जुलैत तीच ओल, वर पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारे क्षार. तेव्हा मी ओलीच्या कडेने रेघ ओढली, शेजारी तारीख घातली, आणि पाऊस कसा पडला तेही वहीत लिहू लागलो. दोन आठवड्यांत उलगडा झाला. नुसता सरळ पाऊस रात्रभर पडला तरी ओल रेघेच्या आत. पश्चिमेची झड आली की दुसऱ्या दिवशी रेघेच्या चार बोटं पुढे. नळाची गळती असती तर ती मार्चमध्येही दिसली असती.

खोलीतल्या दमटपणानेही भिंत भिजते. ते ओळखायला हातभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवस थांबा. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडे आले तर पाणी भिंतीतलं. बाहेर आले तर हवेतलं. आमचे आत आले.

मग बाहेरून पाइपने पाणी मारलं, खालून वर. हा क्रम मोडू नका. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळी भिंत भिजवतो आणि पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. एकेका टप्प्याला वीस मिनिटं. आत कुणीतरी हात लावून बसलेलं हवं. खिडकीखालच्या भिंतीवर मारलं तेव्हा आत कोरडंच राहिलं. खिडकीच्या ग्रॅनाइटवर पाणी मारलं, आणि थोड्या वेळाने आतून मुलीने हाक मारली. खिडकी ओलीपासून सहा फूट लांब! ग्रॅनाइटचा उतार बाहेर हवा, तो आत होता. पाणी फ्रेमखालून शिरून ब्लॉकच्या सांध्यांतून स्लॅबपर्यंत उतरत होतं आणि स्लॅबवरून आडवं सरकत होतं.

यंत्रं आहेत, पण ती काय दाखवतात हे समजून घ्या. थर्मल कॅमेऱ्याला तापमानातला फरक दिसतो, पाणी नाही. ओल मोजणारा मॉइश्चर मीटर भिंतीवरच्या क्षारांमुळेही आकडा चढवतो.

पेन्सिलच्या रेघा आणि तारखांचे फोटो काढून ठेवा. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या, कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखीच द्या.

आणि दुरुस्तीनंतर घाई नको. आमची भिंत वाळायला दिवाळी उलटली. रंग फेब्रुवारीत दिला.