गेमची किल्ली कुणाकडे?

मंडळी, स्टीम या कॉम्प्युटर-गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम घेताना पैसे भरायच्या पानावर ऑक्टोबर २०२४ पासून एक बारीक ओळ दिसते. या खरेदीतून तुम्हाला त्या वस्तूचा परवाना मिळतो, अशा अर्थाची. कॅलिफोर्नियाचा एक कायदा १ जानेवारी २०२५ ला लागू व्हायचा होता, त्याच्या तोंडावर ती आली. 'विकत घ्या' असं बटणावर लिहायचं असेल तर गिऱ्हाइकाच्या हाती नेमकं काय पडतंय ते आधी सांगा, असं हा कायदा म्हणतो. ओळ नवी आहे, व्यवहार जुनाच. नोव्हेंबर २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' आला तेव्हा दुकानातून खोकं आणलेल्या माणसालाही आधी स्टीमचं अकाउंट उघडावं लागत होतं. डिस्क हातात, किल्ली सर्व्हरवर.

त्याच कायद्यात एक सूट आहे. विकणाऱ्याला नंतर परत घेता येणार नाही, कायमची उतरवून नेटशिवाय वापरता येईल, अशी वस्तू असेल तर ही सूचना लागत नाही. जीओजीसारखं दुकान ऑफलाइन इन्स्टॉलर, म्हणजे नेटशिवाय गेम बसवता येईल अशी फाइल, देतं, ते या सुटीत बसतं. म्हणजे 'डिजिटल' या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळे सौदे चालतात, आणि पैसे भरण्याआधी आपला सौदा कुठला ते ओळखता आलं पाहिजे.

कुलपं साधारण तीन. पहिलं दुकानाचं, दुसरं प्रकाशकाचं, तिसरं गेमच्या सर्व्हरचं. स्टीमच्या पानावर उजवीकडच्या अरुंद पट्टीत यातलं बरंच लिहिलेलं असतं, पण आपली नजर ट्रेलरवरून थेट किमतीवर उतरते. तिथं 'थर्ड पार्टी अकाउंट' लागेल असं लिहिलं असेल तर प्रकाशकाचं वेगळं लॉगिन आलं. 'डेनुवो' हा शब्द दिसला तर चोरी रोखायचं कुलूप आलं; हे कुलूप मशीन ओळखून परवाना देतं आणि थोड्या वेळात फार वेगवेगळी मशीनं दिसली तर अडून बसतं. लिनक्सवर प्रोटॉनची (विंडोजचे गेम तिथं चालवणारा प्रोग्राम) आवृत्ती बदलून बदलून पाहणाऱ्यांना याचा फटका बसतो, कारण प्रत्येक आवृत्ती त्याला नवं मशीन वाटू शकते. कर्नल पातळीवरचं अँटी-चीट, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात शिरून लबाडी पकडणारा प्रोग्राम, असेल तर तेही आता याच पट्टीत कळतं.

गेम आधीच घेतलेला असेल तर घरच्या घरी परीक्षा करता येते. गेम एकदा नेट चालू असताना उघडून बंद करा. मग नेट काढा आणि स्टीम पूर्ण बंद करा. खिडकी मिटवून भागत नाही, घड्याळाशेजारच्या चिन्हावरून बाहेर पडायचं. इन्स्टॉल झालेल्या फोल्डरात जाऊन गेमची मूळ फाइल थेट चालवा. चालली, तर दुकानाचं कुलूपच नाही. तो फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. स्टीम उघडायला लागलं, तर स्टीम ऑफलाइन मोडमध्ये घेऊन पुन्हा पाहा. आता चालली तर फक्त दुकानाचं कुलूप. तरीही नेट मागितलं तर किल्ली प्रकाशकाकडे किंवा सर्व्हरवर आहे. ही परीक्षा रिफंडची मुदत संपायच्या आत करावी. नंतर केली तर ज्ञान मिळतं, पैसे नाही.

तिसरं कुलूप सगळ्यांत वाईट, कारण ते उघडणारा माणूसच एक दिवस दुकान आवरून जातो. 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. एकट्यानं गाडी फिरवायची असली तरी त्याला सर्व्हर लागायचा. त्याच्या प्रकाशकानं, युबिसॉफ्टनं, डिसेंबर २०२३ मध्ये तो विक्रीतून काढला आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले. डिस्क घेतलेल्यांची डिस्क जागच्या जागी निकामी झाली. पुढं काही खरेदीदारांच्या अकाउंटमधून परवानाही काढला गेला. यातून यूट्यूबर रॉस स्कॉट यांची 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघातल्या तिच्या नागरिक-याचिकेनं जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. सर्व्हर जन्मभर चालवा अशी तिची मागणी नाही. जाताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच. दुसरं टोक सोनीच्या 'कॉन्कॉर्ड' या ऑनलाइन गेमचं: २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद झाला, आणि पैसे परत मिळाले. दोन आठवड्यांत बंद पडला तर पैसे परत आणि नऊ वर्षांनी बंद पडला तर काहीच नाही, याच्या मधली रेषा कुठं, हे कुठल्याच पावतीवर छापलेलं नसतं.

विक्री थांबणं आणि गेम मरणं या दोन गोष्टींत मात्र गल्लत करू नका. 'अॅलन वेक' मे २०१७ मध्ये संगीताच्या हक्कांची मुदत संपल्यामुळे दुकानातून उतरला आणि २०१८ मध्ये परत आला. मधल्या काळात ज्यांच्याकडे होता ते तो निवांत उतरवून घेऊ शकत होते. निन्टेंडोनं ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या गेम-यंत्रांच्या दुकानातली विक्री २७ मार्च २०२३ ला थांबवली, तेव्हाही आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवायची सोय चालू ठेवली. अशी बातमी आली की घाबरून जायचं नाही, पण ती सोय चालू आहे तोवर सगळं एकदा उतरवून ठेवायचं.

आता रिफंड. स्टीमचा नियम बहुतेकांना अर्धाच ठाऊक असतो: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि खेळून २ तासांपेक्षा कमी. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. खरी गोम दुसऱ्या अटीत आहे, कारण स्टीमला तुम्ही खेळताय का हे कळत नाही, प्रोग्राम चालू आहे की नाही एवढंच कळतं. काही गेम स्टीमवरून फक्त एक छोटा लाँचर आणतात आणि खरा गेम त्या लाँचरमधून उतरतो. १०० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट येतात, म्हणजे ६० गिगाबाइटला ८० मिनिटं. ती ८० मिनिटं तुमच्या १२० मधून गेली. स्टीमच्या स्वतःच्या डाउनलोडचा वेळ धरला जात नाही, लाँचरचा धरला जातो. पहिल्यांदा गेम उघडल्यावर 'शेडर तयार होत आहेत' (शेडर म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) अशी पट्टी सरकते, तो वेळही तुमच्याच खात्यावर. अशा वेळी प्रकाशकाचं लॉगिन आधीच ब्राउझरमध्ये करून, ईमेलवरचा कोड वगैरे उरकून मगच गेम उघडावा.

उरलेल्या वेळात गोष्ट ऐकत बसू नका. सुरुवातीचा भाग बहुधा बंद खोलीत किंवा अरुंद वाटेवर असतो, तिथं कुठल्याही ग्राफिक्स कार्डवर फ्रेम चांगल्याच येतात. शक्य तितक्या लवकर उघड्या जागेत, गर्दीच्या शहरात जा आणि तिथं पाहा. कंट्रोलर जोडून पाहा. अक्षरं टीव्हीवर वाचता येतात का पाहा. ऑनलाइन गेम असेल तर तुमच्या नेहमीच्या वेळेला सामना लागायला किती मिनिटं लागतात आणि कुठल्या प्रदेशातला सर्व्हर मिळतो, ते पाहा. रिकामा गेम हे रिफंडचं उत्तम कारण आहे. दीड तास झाला की ठरवून टाका.

स्टीमवर आगाऊ नोंदणी केलेला गेम येण्याआधी केव्हाही रद्द करता येतो. पण जास्त पैसे देऊन तीन दिवस आधी खेळायची जी सोय मिळते, त्यातला वेळ एप्रिल २०२४ पासून दोन तासांत मोजतात. त्याआधी तो मोजत नव्हते आणि लोक आख्खा गेम संपवून पैसे परत मागत होते. एपिक या दुसऱ्या दुकानाचा नियम याच वळणाचा, १४ दिवस आणि २ तास. जीओजी ३० दिवस देतं, गेम खेळून झाला असला तरी. प्लेस्टेशनवर १४ दिवस आहेत खरे, पण डाउनलोड सुरू केलंत की हक्क संपला, एखादी वस्तू सदोष असेल तेवढीच सोडून. तिथं पैसे भरल्यावर डाउनलोड आपोआप सुरू होणार नाही असं सेटिंग आधी करून ठेवावं.

रिफंड नाकारला म्हणून थेट बँकेकडे तक्रार करून पैसे ओढून घ्यायचा मोह होतो. तो आवरा. दुकानं अशा वेळी अख्खं अकाउंट गोठवतात आणि एका गेमच्या भांडणात बाकीचे शंभर अडकतात. बाहेरच्या बाजारातून स्वस्तात घेतलेल्या की-कोडचीही हीच तऱ्हा. कोड चोरीच्या कार्डावर घेतलेला निघाला तर प्रकाशक तो रद्द करतो, आणि तिथं स्टीमचा रिफंड लागू नाही, कारण स्टीमला तुम्ही पैसेच दिलेले नसतात.

फुकटच्या गेममध्ये विकत घ्यायला गेम नसतो, नशीब असतं: पैसे देऊन सोडतीसारखी एकेक 'ओढ' घ्यायची, काय निघेल ते निघेल. एखाद्या वस्तूची शक्यता १ टक्का लिहिली असेल तर शंभर वेळा ओढल्यावर ती मिळेलच असं मनात धरलं जातं. हिशेब करा: एकदा न मिळण्याची शक्यता ०.९९, ती शंभर वेळा गुणली की ०.३७ उरते. म्हणजे शंभर ओढींनंतरही तीनांतल्या एका माणसापेक्षा जास्त रिकाम्या हातानं उठतात. ९५ टक्के खात्री हवी तर जवळपास ३०० ओढी. म्हणून 'गेनशिन इम्पॅक्ट'सारखे गेम हमी देतात: मूळ शक्यता ०.६ टक्के, पण ९०व्या ओढीपर्यंत एक पंचतारांकित पात्र नक्की. मात्र ते पात्र तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. नशीब पार फिरलं तर हा फेरा दोनदा, म्हणजे १८० ओढी. बजेट आखायचं तर याच आकड्यावर आखा.

आणि ऑनलाइन गेम अडखळायला लागला की लोक सर्व्हरला शिव्या घालतात. बऱ्याचदा दोष घरातच असतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन परत यायला किमान १० मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल सरळ जात नसल्यामुळे जास्तच. ४,००० किलोमीटरवरचा सर्व्हर असेल तर ४० च्या खाली पिंग (जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) कुठलाही 'गेमिंग' राउटर आणू शकत नाही. त्याच्या खोक्यावर कितीही शिंगं रंगवलेली असोत.

दोष शोधायचा असा. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला, बहुधा १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग चालू ठेवा, दुसरीत ८.८.८.८ या गूगलच्या, म्हणजे घराबाहेरच्या, सर्व्हरला. मग गेम खेळा आणि अडखळला की आकडे पाहा. राउटरचा आकडा १-२ वरून ८०-१०० वर उडत असेल तर वायफाय दोषी: केबल टाका, नाहीतर ५ गिगाहर्ट्झवर जा. राउटरचा आकडा स्थिर आणि बाहेरचा ३० वरून ३०० वर जात असेल, तेही घरात कुणाचे तरी फोनमधले व्हिडिओ वर चढत असताना, तर मॉडेमपाशी रांग लागते आहे. लाइनचा वेग वाढवून ही रांग नेहमी हटत नाही. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस (ही रांग आवरणारी सेटिंग) असेल तर अपलोड मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. वेग थोडा जातो, रांग आपल्या ताब्यात येते. दोन्ही आकडे शांत आणि तरी गेम अडखळतोय, तेव्हा खुशाल सर्व्हरला बोल लावा.

मित्राच्या मशीनवर उघडलेल्या सामन्यात शिरता येत नसेल तर राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर एकच पत्ता तुम्ही अनेक ग्राहकांत वाटून वापरताय. मग राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडण्यात रात्र घालवू नका, ते चालणारच नाही. नेट देणाऱ्याकडून स्वतंत्र पत्ता मागा किंवा सामना दुसऱ्या कुणालातरी उघडू द्या.

शेवटची गोष्ट सेव्ह फाइलची. गेम पुन्हा उतरवता येतो, ऐंशी तासांची प्रगती येत नाही. दोन मशीनवर खेळणाऱ्याला कधीतरी क्लाउडची (सेव्हची प्रत दुकानाच्या सर्व्हरवर ठेवायची सोय) खिडकी विचारते: इथली फाइल ठेवू की वरची? घाईत चुकीचं बटण दाबलं की जुनी फाइल नव्या फाइलवर बसते. ती खिडकी आली की कशावरही न दाबता आधी सेव्हचा फोल्डर शोधा. विंडोजवर तो बहुधा डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स'मध्ये, अॅपडेटामध्ये किंवा स्टीमच्या 'युजरडेटा'मध्ये असतो. तो दुसरीकडे कॉपी करा, फाइलवरची तारीख आणि वेळ खिडकीत दाखवलेल्या वेळेशी ताडून पाहा, आणि मग बटण दाबा. चुकलंच तर गेम बंद करा, त्या गेमपुरता क्लाउड बंद करा, कॉपी जागेवर ठेवा, गेम उघडून प्रगती नीट दिसते का पाहा, आणि त्यानंतरच क्लाउड चालू करा. पुन्हा तीच खिडकी आली तर या वेळी 'इथली फाइल' निवडायची.