कोयना: नदी पूर्वेची, वीज पश्चिमेची

(दृश्य: शिवसागर जलाशय, पश्चिमेला सह्याद्रीची धार)

महाबळेश्वरजवळ उगम पावलेली कोयना बराच पल्ला सरळ दक्षिणेला वाहते. हेळवाकजवळ ती पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेत मिळते. तिच्या पश्चिमेला डोंगराची एक धार आहे, आणि धार ओलांडली की खाली कोकण. नदी आणि कोकणचा तळ यांच्या उंचीत सुमारे पाचशे मीटरचा फरक आहे. कोयना प्रकल्पाची सगळी ताकद या फरकात आहे.

देशमुखवाडीची १०३ मीटर उंच भिंत पाणी अडवते. पण मुख्य वीजनिर्मिती होते ती डोंगरापलीकडे. ४७५ मीटरवरून सेकंदाला एक घनमीटर पाणी पडलं, तर यंत्रांमधली घट वजा जाऊन सुमारे ४ मेगावॅट वीज मिळते. तेवढंच पाणी धरणाच्या पायथ्याशी सोडलं, तर एक मेगावॅटसुद्धा मिळत नाही.

(दृश्य: नवजा, पोफळीचं भूमिगत वीजघर)

नवजाजवळ पाणी बोगद्यात शिरतं. जवळपास पावणेचार किलोमीटर गेल्यावर उल्लोळ विहीर लागते. विजेची मागणी अचानक घटली, तर बोगद्यातलं धावतं पाणी जागच्या जागी थांबू शकत नाही. ते या विहिरीत वर चढतं, आणि पुढच्या नळांना धक्का बसत नाही. तिथून पाणी पोलादी अस्तराच्या दाबनळांतून पोफळीला उतरतं. तळाशी दाब असतो वातावरणाच्या पंचेचाळीस पटींहून जास्त. एवढ्या दाबाला पेल्टन टर्बाइन लागतं: नोझलमधून सुटलेला झोत चाकाच्या वाट्यांवर आदळतो. चाक थांबवायचं असेल तर नोझल झटकन बंद करत नाहीत. आधी पोलादी पाता मध्ये आणून झोत चाकावरून वळवतात, मग नोझल सावकाश मिटतं. घाई केली तर नळातला दाब उसळतो.

१९६२ साली इथली पहिली यंत्रं सुरू झाली. पोफळीचं पाणी कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा अडवलं जातं, आणि त्याच पाण्यावर अलोऱ्याला, तिसऱ्या टप्प्यात, ३२० मेगावॅट वीज तयार होते. चौथा टप्पा १००० मेगावॅटचा. सगळे टप्पे आणि पायथ्याचं छोटं वीजघर धरून क्षमता १९६० मेगावॅट होते.

चौथ्या टप्प्यासाठी बोगद्याचं तोंड भरल्या जलाशयात, पाण्याखाली उघडायचं होतं. तलाव रिकामा करणं शक्य नव्हतं, कारण आधीची वीजघरं त्याच पाण्यावर चालू होती. मग जमिनीच्या बाजूनं खणत तलावाच्या तळापर्यंत गेले, शेवटी खडकाचं एक बूच शिल्लक ठेवलं आणि त्याखाली दगड झेलायला खड्डा खणला. १३ मार्च १९९९ रोजी सुरुंगानं ते बूच उडवलं. २०१२ मध्ये असाच दुसरा तलावछेद झाला.

(दृश्य: धरणाची खालची बाजू)

भिंत रबल काँक्रीटची आहे. काँक्रीटच्या थरात मोठे दगड बसवत जायचं. त्यामुळे सिमेंट कमी लागतं आणि ते घट्ट होताना तापतंही कमी. पण आकारात एक दुबळी जागा राहिली. बांधकाम चालू असतानाच उंचीचा निर्णय बदलला. त्यामुळे सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या भागांत, पायापासून ६६.५ मीटरवर, मागचा, म्हणजे पाण्याच्या उलट बाजूचा, उतार एकदम बदलतो. खालून जाड येणारी भिंत तिथे अचानक सडपातळ होते.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. ६.३ तीव्रतेचा भूकंप. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, कोयनानगरची बहुतेक घरं कोसळली. धरणाला आडवे तडे गेले ते नेमके उतार बदलतो त्या पातळीवर. दख्खनचं पठार स्थिर, अशा समजुतीनं आराखड्यात भूकंपाचा भार गुरुत्वाकर्षणाच्या अवघा ५ टक्के धरला होता. प्रत्यक्षात धरणातल्या उपकरणानं ६३ टक्क्यांपर्यंतचा हिसका नोंदवला. तरीही भिंत उभी राहिली, हे बांधणाऱ्यांचं मोठं श्रेय. तडे इपॉक्सीनं भरले, वरून ताणलेल्या पोलादी केबल बसवल्या, नंतर मागच्या बाजूला काँक्रीटचा आधार दिला. सांडव्याच्या भागाचं बळकटीकरण मात्र बऱ्याच वर्षांनी झालं.

जलाशय भरायला लागल्यापासून या भागात धक्के बसत आले आहेत. पाण्याच्या पातळीशी त्यांचा संबंध जगभर अभ्यासला जातो. गोठण्याला तर बेसॉल्ट भेदून खालच्या ग्रॅनाइटमध्ये, सुमारे ३ किलोमीटर खोल विंधन विवर घेतलं गेलं.

(दृश्य: सहा वक्र दरवाजे, खाली कराडकडे जाणारं पात्र)

वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीतंटा लवादानं मुभा दिली. वीज झाली की ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. पूर्वेकडचा दुष्काळी शेतकरी त्यावर प्रश्न विचारतो, आणि तो रास्त आहे. पावसाळ्यात अडचण उलटी होते. धरणाची क्षमता आज १०५.२५ टीएमसी. ११,५७४ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) विसर्ग दिवसभर केला तर एक टीएमसी जागा होते, पण तीही आवक थांबली असेल तरच. जलाशय आधीच भरत आणला आणि घाटात अतिवृष्टी झाली, तर सोडलेलं पाणी कराड-सांगलीला नेमकं कृष्णेच्या पुरात जाऊन पडतं. उशिरापर्यंत जागा राखली आणि पाऊस गेला, तर उन्हाळ्यात वीज कमी. हा निर्णय दर ऑगस्टमध्ये घ्यावा लागतो.

(दृश्य: पाणी ओसरल्यावर दिसणारी जुनी जोती)

पाण्याखाली शंभराच्या आसपास गावांची जमीन गेली. धरणाच्या लाभक्षेत्रात विस्थापितांना जमीन द्यायची, ही पुनर्वसनाची पुढे रूढ झालेली रीत. पण कोयनेचा मुख्य लाभ वीज, आणि तिचं लाभक्षेत्र म्हणजे शहरं आणि कारखाने. तिथे वाटायला शेतजमीन कुठली? राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा आला १९७६ साली, धरण भरल्यावर कितीतरी वर्षांनी. कुटुंबं सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी विखुरली. काही काठावरच डोंगरात वर सरकली. १९८५ मध्ये तिथे अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि त्यांतल्या काहींपुढे पुन्हा उठण्याची वेळ आली. धरणग्रस्तांनी २०१८ मध्ये कोयनानगरला दीर्घ ठिय्या दिला. मागणी तीच होती: राहिलेल्या खातेदारांची यादी पक्की करा आणि जमीन द्या.