एकेका अक्षराखाली

(अभ्यासिकेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आत्ता जिना चढताना एक मुलगा भेटला. म्हणाला, "सर, दोन वर्षं झाली, हाती काहीच नाही." विषय 'धीर आणि यश' आहे, तेव्हा त्याला उत्तर द्यायलाच हवं. पण आधी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत जाऊन येऊ.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे जुन्या हस्तलिखित पोथ्या ताडून मूळच्या जवळचा पाठ, मजकूर ठरवायचं काम तिथं १ एप्रिल १९१९ला सुरू झालं आणि सप्टेंबर १९६६मध्ये पुरं झालं. ४७ वर्षं! पण वर्षं मोजून काही कळत नाही, कागद बघावा लागतो. उभ्याआडव्या रेघांनी आखलेला कागद. वर श्लोक, घराघरात एकेक अक्षर. समोर पोथी, कधी शारदा लिपीतली, कधी ग्रंथ नावाच्या लिपीतली, कधी मल्याळम. पाठ वेगळा निघाला की त्याच अक्षराच्या खाली नोंदायचा. अनुष्टुभ छंदातल्या श्लोकाची ३२ अक्षरं झाली की पुढची पोथी, मग पुढचा श्लोक. बंगाली पोथ्यांचं हे काम शांतिनिकेतनात चाले, दक्षिणेकडच्या पोथ्यांचं तंजावरला. संध्याकाळी घरी कुणी विचारलं, "आज काय केलंत?" तर सांगणार काय? कालचंच!

आणि मला फार मोठी वाटते ती गोष्ट पुढेच आहे. चार वर्षं राबल्यावर, १९२३मध्ये, या मंडळींनी विराटपर्व नमुन्यादाखल छापलं आणि जगभरच्या विद्वानांपुढं ठेवलं: चुका काढा. १९२५मध्ये प्रमुख संपादक म्हणून विष्णु सीताराम सुकथनकर आले. केंब्रिजला गणित शिकलेला माणूस. आदिपर्व पुरं व्हायला १९३३ उजाडलं. पाठ कसा निवडायचा याचे नियम त्यांनी प्रस्तावनेत बारकाईनं लिहून ठेवले. जानेवारी १९४३मध्ये मुंबईत त्यांची महाभारतावर चार व्याख्यानं ठरली होती. तीन झाली. चौथ्याच्या दिवशी, २१ तारखेला सकाळी, ते गेले.

काम थांबलं नाही. बेलवलकरांनी पुढं नेलं, प. ल. वैद्यांनी तडीस नेलं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा भरभर सांगतो. 'धीर धर' म्हणजे 'वाट बघ' असं पोरांना सांगतात, त्याचा मला मनापासून राग येतो. नुसती वाट बघून तो कागद भरला नसता. दुसरं, धीराला पैसा लागतो. औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी या कामाला १ लाख रुपये कबूल केले होते. मागं बसलेल्या आईवडिलांनो, तुम्ही दर महिन्याला खोलीचं भाडं पाठवता, तेही याच हिशोबात धरा. तिसरं, सोडवलेली प्रश्नपत्रिका कडक माणसाला दाखवा. चूक कुठल्या ओळीत झाली ते तिथंच, त्या ओळीखाली लिहा. वर्षानं तुम्हालाच वाचायचंय.

जिन्यातला मुलगा कुठं बसलाय? हां, खिडकीपाशी. बाळा, दोन वर्षांच्या वह्या घेऊन खाली ये. मी थांबतो.