गाणं दिलं, सातबारा नाही दिला

नमस्कार मंडळी, रेडिओचा आवाज थोडा वाढवा, कुकरच्या दोन शिट्ट्या होऊन जाऊ देत, मग सुरू करू. आजचा विषय कव्हर व्हर्जन. म्हणजे गाणं एकाचं, गाजलेलं, आणि ते परत गातो दुसराच कुणीतरी नावाजलेला माणूस.

आता नावाजलेला म्हणजे त्याला गाता येतंच असं नाही हां. 'स्टार ट्रेक' मालिकेतला नट विल्यम शॅटनर, त्याने 1968 साली बीटल्सचं 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स' रेकॉर्ड केलं आणि ते गायलंच नाही, नाटकातलं स्वगत म्हणावं तसं म्हटलं. लोक अजून हसतात. ब्रूस विलिसचं उलटं झालं, मारामारीचे पिक्चर करणारा माणूस, 1987 मध्ये जुनं 'अंडर द बोर्डवॉक' गायला आणि ब्रिटनमध्ये थेट दुसऱ्या नंबरवर गेला. त्यात गळा किती आणि चेहरा किती ते तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे म्हणाल तर कॅसेटच्या जमान्यात या कव्हरांनी आपल्याला भरपूर गंडवलंय. मी स्वतः एसटी स्टँडवरनं जुन्या गाण्यांची कॅसेट घेतली होती, वर जुन्या हिरॉइनचा फोटो, आत भलताच आवाज, आणि मूळ गायिकेचं नाव 'आठवणीतली गाणी' असल्या शब्दांच्या मागे इतक्या बारीक अक्षरात की आजोबांचा चष्मा मागून आणावा लागला. तेव्हाच्या कायद्यात तशी फटच होती, मूळ गाणं येऊन दोन वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी भरा आणि गाणं परत रेकॉर्ड करा. 2012 ला कायदा बदलला, दोनाची पाच वर्षं झाली. असो.

पण मला आज जे सांगायचंय ते वेगळंच आहे. डॉली पार्टनची गोष्ट. मी ही गोष्ट घरी इतक्यांदा सांगितलीय की बायको उठून आत जाते.

तर डॉली म्हणजे अमेरिकेतली गायिका, गाणी लिहिणारीही तीच, टेनेसी राज्यातली, डोंगरातली, गरिबाघरची पोर, बारा भावंडं. 1967 साली नॅशव्हिलला पोर्टर वॅगनर नावाच्या मोठ्या गायकाच्या टीव्ही शोमध्ये लागली. पाच वर्षं राहीन म्हणाली होती, झाली सात. आता हिला स्वतःचं काही करायचंय आणि तो सोडेना. रोज वाद. मग हिने काय केलं, भांडणं बंद केली, घरी जाऊन गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात त्याच्यासमोर बसून गायली. मी जाते, पण तुझ्यावरची माया कायम राहील, असं ते गाणं. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. वॅगनर रडला, म्हणाला जा, पण तुझ्या या गाण्याचं रेकॉर्डिंग मी करून घेणार. (पुढे याच माणसाने तिच्यावर तीस लाख डॉलरचा दावा ठोकला. रडणाऱ्या माणसावर फार भरवसा ठेवू नये असं माझं मत आहे, पण ते राहू दे.)

लक्षात ठेवा, हे निरोपाचं गाणं आहे. नोकरी सोडतानाचं! लोक लग्नाच्या रिसेप्शनला लावतात, नवराबायको वर स्टेजवर उभे आणि खाली गाणं चाललंय की मी चालले. आपल्याकडे तर कुठलंही गाणं कुठेही लावतात, वरातीत विरहगीतावर नाचणारी माणसं मी या डोळ्यांनी पाहिलीत.

1974 ला गाणं आलं, कंट्री म्युझिकच्या, म्हणजे तिथल्या गावाकडच्या ढंगाच्या गाण्यांच्या यादीत पहिलं. आणि मग आला रॉक अँड रोलचा बादशहा एल्विस प्रेस्लीचा निरोप, मला हे गायचंय. एल्विस! डॉलीने गावभर सांगितलं. आणि रेकॉर्डिंग तोंडावर आलं तेव्हा एल्विसचा मॅनेजर कर्नल पार्कर म्हणाला, आमची एक पद्धत आहे, एल्विस जे गातो त्याच्या प्रकाशनहक्कातला, म्हणजे गाण्याच्या मालकीतला, अर्धा वाटा आमचा.

म्हणजे शेत कसायला घेतो, पण सातबाऱ्यावर अर्धं नाव आमचं लावा.

डॉली नाही म्हणाली. लोक म्हणाले वेडी आहेस, एल्विस आहे तो. ती रात्रभर रडली, पण नाही ते नाहीच. गाणं गा हवं तितकं, सातबारा मिळणार नाही. एल्विसने ते रेकॉर्ड केलं नाही.

मग गेली अठरा-एक वर्षं. 1992. 'द बॉडीगार्ड' सिनेमा, त्यात गायिका व्हिटनी ह्यूस्टन आणि नट केविन कॉस्टनर. सिनेमावाल्यांना हवं होतं दुसरंच जुनं गाणं, ते आधीच एका पिक्चरने वापरलं, मग कॉस्टनरनेच डॉलीचं हे सुचवलं. संगीत संयोजन डेव्हिड फॉस्टरचं. त्याच्या हातात आली लिंडा रॉन्स्टॅड या गायिकेने 1975 ला गायलेली रेकॉर्ड, म्हणजे कव्हरवरून कव्हर, आणि तिच्यात शेवटचं कडवंच नव्हतं! डॉलीला फोन झाला तेव्हा ते कळलं, तिने ते कडवं दिलं. कॉस्टनरचा हट्ट होता की सुरुवातीला वाद्यं नकोत, नुसता गळा. असं रेडिओवर कोण लावेल, लोकांना वाटलं. तो म्हणाला, रेडिओचं मला काही पडलेलं नाही. (आमच्या तोंडावर असं बोलतात बघा.)

आणि आता ऐका. डॉली गाडी चालवत होती, नॅशव्हिलजवळ. गाण्याची विचारणा झाली होती, पण तयार झालेलं गाणं तिने ऐकलेलंच नव्हतं. रेडिओ लावला तर कुणीतरी बाई नुसतीच गातेय, ना गिटार ना काही. कान टवकारले, कुठेतरी ऐकलंय हे, पण कळेना. स्वतःचंच पोर दुसऱ्या गावच्या कपड्यात दिसावं तसं. आणि मग ते धृपद उसळलं वर, आणि तिला कळलं, हे माझं! गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली, नाहीतर ठोकलीच असती.

अमेरिकेत ते गाणं 14 आठवडे पहिल्या नंबरवर होतं. 14 आठवडे, सव्वातीन महिने! आणि तिथल्या रेडिओचा नियम असा की गाणं वाजलं की पैसे गाणं लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला नाही. म्हणजे आवाज व्हिटनीचा, आणि मनीऑर्डर डॉलीच्या दारात. तेव्हा सातबाऱ्यावर अर्धं नाव लावलं असतं तर यातलाही वाटा गेला असता. त्या पैशातून डॉलीने नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीय लोकांच्या वस्तीत ऑफिसांची जागा घेतली, व्हिटनीची आठवण म्हणून, असं तीच सांगते.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रात कुणी चांगलं गायलं की म्हणतात, डिट्टो लता! अहो डिट्टो कशाला, डिट्टो तर रेकॉर्ड आहे की घरी. व्हिटनी डिट्टो डॉली गायली असती तर डॉलीने पहिल्याच ओळीला ओळखलं असतं आणि गाडी चालवत राहिली असती.

वेळ झाली, काचेपलीकडून खुणा चालल्यात. दोन्ही गाणी लावतोय, आधी डॉलीचं, मग व्हिटनीचं. दुसऱ्याच्या सुरुवातीला वाद्यं ऐकू येणार नाहीत, तेव्हा उठून रेडिओला चापट मारू नका, तो बिघडलेला नाहीये.