दोन डोसांच्या मधले दिवस : केमो चालू असलेल्या कुत्र्याची घरातली देखभाल

नमस्कार. ज्या घरात कुत्र्याची केमोथेरपी, म्हणजे कॅन्सरवरचा औषधोपचार, चालू असते, तिथे सगळ्यांचं लक्ष इंजेक्शनच्या दिवसाकडे असतं. त्या रात्री कोणी ना कोणी त्याच्याजवळ बसून असतं. मग आठवडा सरतो, तो शेपूट हलवायला लागतो आणि घर निर्धास्त होतं. खरं तर डोसचा दिवस बहुतेक वेळा शांतच जातो. डोळ्यांत तेल घालून बघायचे दिवस नंतर येतात, आणि ते कोणते हे आधीच बऱ्यापैकी माहीत असतं. म्हणून आजचं बहुतेक बोलणं त्या दिवसांबद्दल आहे.

आधी अपेक्षा नीट ठरवूया. कुत्र्यांना केमोचे डोस माणसांच्या मानाने सौम्य देतात. चांगले दिवस वाढवणं हा बहुतेक वेळा हेतू असतो, आणि त्या चांगल्या दिवसांची किंमत म्हणून त्याला आठवडेच्या आठवडे आजारी पाडायचं नसतं. लिम्फोमाचं, म्हणजे लसीका गाठींच्या कॅन्सरचं, बघा. व्हिन्क्रिस्टीन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन ही औषधं ठरलेल्या क्रमाने साधारण १९ ते २५ आठवडे चालतात. दहातल्या आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी ओसरतात. तरीही हा आजार सहसा परत येतो, आणि मिळणारा काळ बहुतेकांना वर्षभराच्या आसपास असतो. लिम्फोमाच्या टी-पेशींच्या (एका जातीच्या पांढऱ्या पेशींच्या) प्रकारात त्याहून कमी. समागमातून पसरणारा जननेंद्रियांचा ट्यूमर मात्र आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टीन दिल्यावर बहुतेक कुत्र्यांत पूर्ण बरा होतो. त्यामुळे ‘कॅन्सर’ एवढ्या एका शब्दावर कोणताही निर्णय घेऊ नका. कोणता कॅन्सर, ते विचारा.

आता दिवसांचा हिशोब. केमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतात, आणि अशा निरोगी पेशी शरीरात मुख्यतः दोन ठिकाणी असतात : आतड्याच्या अस्तरात आणि रक्तपेशी जिथे बनतात त्या हाडांच्या मगजात (अस्थिमज्जेत). आतड्याचा परिणाम आधी दिसतो. डोसनंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उलट्या, जुलाब, खाण्यावरून मन उडणं. मगजाचा परिणाम उशिरा कळतो, कारण तयार झालेल्या पांढऱ्या पेशी काही दिवस पुरतात आणि नव्या येत नाहीत हे त्या संपल्यावरच लक्षात येतं. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी सहसा सातव्या ते दहाव्या दिवशी सर्वांत कमी होतात. कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधात हा तळ आणखी उशिरा, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीसही येऊ शकतो. प्रत्येक डोसच्या वेळी डॉक्टरांना विचारून ते दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

या दिवसांतला ताप ही तातडीची वेळ आहे. न्यूट्रोफिल नसले की जंतुसंसर्ग झाला तरी सूज येत नाही, पू होत नाही. बहुतेक वेळा ताप ही एकच खूण उरते, आणि संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. हे जंतू बहुतेक वेळा बाहेरून येत नाहीत, ते त्याच्याच आतड्यातले असतात. म्हणून त्याला खोलीत कोंडून काही साधत नाही. नेहमीचं फिरणं चालू ठेवा; फक्त अनोळखी आणि लस न घेतलेल्या कुत्र्यांपासून लांब ठेवा आणि कच्चं मांस पूर्ण बंद करा.

तापमान गुदद्वारातून घ्यायचं. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला पेट्रोलियम जेली लावा, शेपूट अलगद उचला आणि टोक साधारण दोन सेंटिमीटर आत सरकवा. नाकाचा ओलेपणा किंवा कानाचा गरमपणा यावरून काहीही ठरवू नका. धोक्याच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ, तो निवांत असताना मोजा. धावून आल्यावर आकडा वाढलेलाच दिसतो. ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस हे नेहमीचं. ३९.४ च्या वर दिसलं तर वीस मिनिटं शांत बसू द्या आणि परत मोजा. तेवढंच राहिलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. तो गळून गेला असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, तर आकडा कमी आला तरी थांबू नका. आणि माणसांच्या तापाची गोळी कधीही देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला विषारी ठरू शकतात, शिवाय ताप दबला की ती खूणही जाते. रात्री कुठे जायचं, हे पहिल्या डोसच्या आधीच ठरलेलं हवं.

पोटाकडे वळू. मळमळ उलटीच्या बरीच आधी दिसते : ओठ चाटत राहणं, लाळ गळणं, वारंवार गिळणं, वाडग्यापाशी जाऊन तोंड फिरवणं. इथे घरोघरी एक चूक होते. तो खात नाही म्हणून त्याच्या सर्वांत आवडीचा पदार्थ पुढे केला जातो, हाताने तोंडात भरवला जातो. कुत्रा मळमळ त्या वासाशी जोडतो आणि बरा झाल्यावरही तो पदार्थ नाकारतो. आधी मळमळ थांबवा. मॅरोपिटंट हे मळमळीचं औषध दिवसातून एकदा देतात. ते घरात असावं आणि कधी सुरू करायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. मग कोमट, मऊ अन्न थोडं थोडं चार-पाच वेळा द्या. औषधं मुख्य जेवणात मिसळू नका, वेगळ्या छोट्या घासात द्या. दिवसभर काहीच खाल्लं नाही, पाणीही पोटात ठरत नाही किंवा जुलाबात रक्त आहे, तर तेव्हाच फोन करा. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर घ्या.

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने भूक, तहान, लघवी आणि धापा, सगळंच वाढतं. घरात लघवी झाली म्हणून त्याला रागावू नका, जास्त वेळा बाहेर न्या. ही गोळी मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारख्या वेदनाशामकांबरोबर कधीही द्यायची नाही. पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

सायक्लोफॉस्फामाइडचा त्रास मूत्राशयाला होतो. शरीरात या औषधापासून अ‍ॅक्रोलीन नावाचं दाहक रसायन बनतं आणि लघवी साठून राहिली की ते आतलं अस्तर जाळतं. म्हणून हे औषध सकाळी द्यायचं, पाणी भरपूर ठेवायचं आणि त्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यायचं. थेंब थेंब लघवी, कुंथणं, रक्त दिसलं की पुढची गोळी न देता कळवा.

डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर सांडलं तर मांस सडतं, आणि जखम कधी कधी आठवड्यानंतर उघडी पडते. इंजेक्शनच्या पायाला सूज, लाली किंवा सतत चाटणं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. या औषधाचा हृदयावरचा परिणाम साठत जातो, म्हणून एकूण मात्रेला मर्यादा असते आणि हृदयाची सोनोग्राफी करतात. तुमचा कुत्रा कोली, शेटलंड शीपडॉग किंवा ऑस्ट्रेलियन शेफर्ड असेल, तर पहिल्या डोसआधी एमडीआर-१ या जनुकाची तपासणी मागा. त्यात दोष असेल तर व्हिन्क्रिस्टीन आणि डॉक्सोरुबिसिनची नेहमीची मात्राही जड जाते.

घरातल्या माणसांसाठी : डोसनंतर किमान तीन दिवस विष्ठा, लघवी, उलटी साफ करताना हातमोजे घाला. खराब झालेली चादर वेगळी, दोनदा धुवा. केमोची गोळी तोडायची नाही, कॅप्सूल उघडायची नाही. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने या कामाला हात लावू नये. कुरवाळायला, शेजारी बसायला काहीच हरकत नाही. हे मुलांना मुद्दाम सांगा, नाहीतर ती त्याच्यापासून दूर राहतात. कुत्र्याचे केस बहुतेक जातींत गळत नाहीत. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींत गळतात. मिशा मात्र बऱ्याच जणांच्या जातात.

लिम्फोमा असेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, जबड्याखाली, खांद्यापुढे आणि गुडघ्यामागे बोटांनी चाचपून गाठींचा आकार लिहून ठेवा. त्याच वहीत रोजचं खाणं, शी, चालणं आणि झोपेतला श्वास नोंदवा. झोपेत मिनिटाला तीसच्या वर श्वास जात राहिले तर ते कळवण्यासारखं आहे.

वही आणखी एका कामाला येते. पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी जगण्याचा दर्जा मोजायला सात गोष्टी दिल्या आहेत : वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर देखभाल चालू ठेवणं योग्य मानतात. हे गुण घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे लिहावेत, कारण जो सर्वांत जास्त जीव लावतो त्याला वेदना कधी कधी सर्वांत उशिरा दिसतात. केमो थांबवायची ठरली, तरी प्रेडनिसोलोन मनाने एकदम बंद करू नका, ते हळूहळू कमी करावं लागतं. आणि वेदनेची, मळमळीची औषधं तशीच चालू राहतात.